मास्तरांच्या दातातली खाच

शिंप्याला लोक मास्तर का म्हणतात, ते देव जाणे. या मास्तरांनी तर जन्मात कुणाला काही शिकवलं नाही. कुणी शिकायला आलंच, तर मास्तर त्याच्या हातातून कापड ओढून घ्यायचे, "दे इकडे, वाट लावशील" म्हणायचे आणि स्वतःच शिवत बसायचे. सत्तरीला टेकलेला माणूस. जाड पांढरी मिशी, गळ्यात टेप, कॉलरच्या उलट्या बाजूला टोचून ठेवलेली सुई. आंघोळीला जाताना तरी टेप काढतात की नाही, ते त्यांच्या बायकोलाच विचारावं लागेल.

दुकान जिन्याखाली. जिना चढून वर गेलं की दातांचा दवाखाना. खाली मशीनची घरघर आणि वर ड्रिलची किरकिर, असा दिवसभर संसार चालायचा. दवाखाना आधी म्हाताऱ्या डॉक्टरांचा होता, ते गेल्यावर त्यांची मुलगी बघायला लागली. दोन्ही घरांचा व्यवहार साधा होता. डॉक्टरांच्या घरचे सगळे कपडे मास्तरांकडे, मास्तरांच्या घरचे सगळे दात डॉक्टरांकडे. नातीच्या वाकड्या दातांना तारा तिथेच बसल्या. मुलाची अक्कलदाढ तिथेच निघाली, तेव्हा "दाढ निघाली, आता अक्कल यायची तेवढी राहिली" असं मास्तर सगळ्या गिऱ्हाइकांना सांगत होते. बायको दर वर्षी दात साफ करून घ्यायची. मास्तरांच्या वडिलांचे उरलेसुरले दात म्हाताऱ्या डॉक्टरांनी एका हिवाळ्यात काढले होते आणि कवळी करून दिली होती. ती म्हाताऱ्याने एकदा घातली, "दुसऱ्याचं तोंड वाटतंय" म्हणाला आणि डबीत ठेवून दिली ती कायमची.

एकटे मास्तर तेवढे सुटले होते. ते जिना चढायचे ते डॉक्टरणीच्या पांढऱ्या कोटाची मापं घ्यायला. सुजलेला गाल धरून कुणी जिन्यावरून उतरलं, की दुकानातून ओरडायचे, "काय, बसली का दातखीळ?"

आणि मग एक दिवस त्यांचीच खालची दाढ ठणकायला लागली. आता आली का पंचाईत! लवंग झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या, गाल बांधून बसणं झालं. गाल असा फुगला की मिशी एका बाजूला वर गेली. शेवटी बायकोने दुकानाचं दार ओढून घेतलं आणि त्यांना हाताला धरून वर नेलं.

"काढूनच टाक, पोरी," मास्तर खुर्चीत बसता बसता म्हणाले.

डॉक्टरीण एक्स-रे उजेडाला धरून बघत होती. तिचे शाळेचे फ्रॉकसुद्धा मास्तरांनीच शिवलेले, त्यामुळे ती त्यांना घाबरत नव्हती. "काका, शिवण उसवली म्हणून तुम्ही कोट फेकून देता का? दाढ चांगली आहे. आतली नस खराब झालीय. रूट कॅनाल करू, आतून साफ करून भरू, आणि पुढच्या वेळी वर कॅप बसवू."

कोटाचं नाव काढल्यावर मास्तरांनी मुकाट तोंड उघडलं. मग भुलीचं इंजेक्शन, मग गालात कापसाचे बोळे, मग थुंकी ओढणारी नळी. तोंड एवढं भरलं की मास्तरांच्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना उलट उत्तर देता येईना. त्यांच्या बायकोने नेमकी तीच वेळ साधली.

दाराजवळच्या खुर्चीतून ती म्हणाली, "बाळ, एवढं करतेच आहेस तर त्या पुढच्या दाताचंही बघ ना. ती खाच गं. कुठलाही फोटो काढा, आधी ती खाच दिसते आणि मग हे."

डॉक्टरणीने मिशी वर करून पाहिलं. वरच्या पुढच्या दाताच्या कडेला छोटीशी तिकोनी खाच होती. "हे तर लगेच होईल, काकू. दाताच्याच रंगाचं भरते, कुणाला कळणारसुद्धा नाही. काका, भरू ना?"

"अं अं," मास्तर म्हणाले. त्याचा अर्थ होता, "काय करायचं ते कर, पण मला लवकर सोड." डॉक्टरणीने त्याचा अर्थ "हो" असा घेतला. बायकोनेही तोच घेतला, कारण तिला तोच हवा होता. निळा दिवा लागला, दातावर काहीतरी घासल्यासारखं झालं. मास्तर डोळे मिटून दाढेच्या नावाने खडे फोडत होते. उठताना डॉक्टरीण म्हणाली, "काही दिवस तोंडात वेगळं वेगळं वाटेल. सवय होईल." मास्तरांना वाटलं, दाढेचं सांगतेय.

आता ही खाच म्हणजे काय, ते ऐका. शिंपी माणूस धाग्याचं टोक ओठाने ओलं करतो, दातात धरतो आणि झटका देतो. टच्! टोक असं टोकदार येतं की सुईच्या भोकात आपसूक शिरतं. पन्नास वर्षं दिवसभर एकाच दातावर धागा ओढला, तर दगडालाही खाच पडेल, तिथे दाताचं काय. ही खाच म्हणजे मास्तरांची तोंडातली कात्री होती. आणि खरी गंमत पुढेच आहे. आपण धागा दाताने तोडतो हे मास्तरांना ठाऊकच नव्हतं!

खोटं नाही सांगत. बायको ओरडायची, "अहो, दातांनी धागा तोडू नका." मास्तर म्हणायचे, "कोण तोडतंय? ही कात्री काय शोभेला ठेवलीय?" आणि समोरची हातभर लांब कात्री दाखवायचे. कापड कापायची कात्री ती, धाग्यासाठी कोण उचलतंय तिला? पण मास्तरांना मनापासून वाटायचं की आपण तीच उचलतो. पापणी लवते ती कुणाला कळते का? तसंच ते होतं.

तर दुसऱ्या दिवशी मास्तर कामाला बसले. सुईत धागा ओवायला गेले. जाईना. टोकाचा झाला होता झाडू. परत ओला केला, परत ओढला, परत झाडू. "हल्लीचं सूतच भिकार," म्हणत त्यांनी रीळ बदललं. दुसऱ्या रिळाचाही झाडू. मग सुई बदलली. मग स्टूल खिडकीकडे सरकवलं. मग चष्मा पुसला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. पण नाचणाऱ्याला पन्नास वर्षं नाचता येत होतं आणि एका रात्रीत येईनासं झालं, हे त्यालाही कळत नव्हतं आणि अंगणालाही.

बरं, कसाबसा धागा ओवला, तर शिवण संपल्यावर तो तुटेना. मास्तर खाली वाकायचे, मान हिसडायचे, धागा नुसताच चावल्यासारखा व्हायचा आणि झटक्याने हाताने घातलेली सगळी तुरपाई गोळा होऊन यायची. पँटची खालची दुमड अशी चुणली की ती बघून मास्तरच म्हणाले, "हे कुणी शिवलं?" आणि मग आठवलं की दुकानात दुसरं कुणी नाही.

तोंडात काहीतरी परकं आहे, हे जिभेला कळत होतं. पाहुणा येऊन बसावा आणि उठायचं नाव घेऊ नये, तसं. पण डॉक्टरणीने सांगितलं होतं ना, सवय होईल. मास्तर दाढेला शिव्या देऊन मोकळे व्हायचे. आरशाचं म्हणाल, तर आरसा दुकानात होता तो गिऱ्हाइकांसाठी. मास्तर त्यात बघायचे ते दुसऱ्याचे खांदे.

चष्मेवाल्याकडे जाऊन आले. तो म्हणाला, नंबर आहे तोच आहे. झालं, डोळे सुटले. म्हणजे राहिले हात, नाहीतर डोकं. आणि इथे मास्तर खरंच घाबरले.

घाबरायला कारण होतं. त्यांचे वडीलही याच दुकानात, याच मशीनवर बसायचे. काय हात होता म्हाताऱ्याचा! कोटाची कॉलर बसवावी तर त्यानेच. आणि मग म्हातारपणी तो हात गेला. सुईत धागा जाईना. शिवण गोळा होऊन यायला लागली. धाग्याचं टोक तोंडात धरून म्हातारा नुसता बसून राहायचा, ओठांनी चघळत. लोक हसायचे, म्हणायचे, म्हातारा सूत खायला लागला. घरच्यांनी ओळखलं की डोक्यावर परिणाम झालाय. शेवटी एक दिवस मास्तरांनीच, तेव्हाच्या तरण्या मास्तरांनी, त्यांच्या बोटांतून हलकेच सुई काढून घेतली आणि म्हणाले, "बाबा, पुष्कळ केलंत. आता बसा तुम्ही." म्हाताऱ्याने त्यांच्याकडे नुसतं बघितलं आणि सुई दिली. त्यानंतर जिवंत होते तोवर ते दाराशी एका स्टुलावर बसायचे आणि येणाऱ्या जाणाऱ्यांचे कपडे बघायचे. कुठे शिवण चुकलीय हे त्यांना तिथूनही दिसायचं. तेव्हा कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

तीच पाळी आता आपल्यावर आली, असं मास्तरांना वाटलं. बायकोला ताकास तूर लागू दिली नाही. पण एकटे असले की स्वतःची परीक्षा घ्यायचे. जुन्या गिऱ्हाइकांची मापं आठवायचे. पोस्टमन, छाती अडतीस, डावा खांदा उतरता. शाळेच्या मोठ्या बाई, कंबर दर वर्षी एक इंच जास्त, पण बोलायचं नाही. सगळं आठवत होतं. मरून दहा वर्षं झालेल्या माणसाच्या बाहीची लांबी आठवत होती. मग डोकं गेलं म्हणावं तर कसं? हात पुढे धरून बघायचे. हात थरथरत नव्हता. डोळे ठीक, हात ठीक, डोकं ठीक, आणि धागा सुईत जात नाही! हा काय प्रकार आहे? मास्तर स्टुलावर बसून आपल्याच बोटांकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसे बघत राहायचे.

त्यातच बँकेतल्या साहेबाने कोट परत आणला. अस्तराची तुरपाई आत गोळा झाली होती. साहेब भला माणूस, म्हणाला, "सावकाश करा मास्तर, घाई नाही." रागावला असता तर बरं झालं असतं. मास्तरांचा कोट आजवर परत आला नव्हता.

त्या दिवशी जेवताना त्यांनी मुलाला सांगितलं, "तो मोबाईल दुरुस्तीवाला जागा मागत होता ना? दे त्याला. मशीनही कुणी नेत असेल तर जाऊ दे."

मुलगा घास हातात धरून बघतच राहिला. दोन वर्षं तो हेच सांगत होता, की आता बस झालं, आराम करा. आणि दोन वर्षं मास्तर म्हणत होते, "ज्या दिवशी हात जाईल त्या दिवशी मीच कुलूप लावेन, तुझ्या सांगण्यावरून नाही."

"अचानक काय झालं, बाबा?"

"काही नाही. माणसाने वेळेवर उठावं."

बायकोने पाण्याचा पेला खाली ठेवला. तिला वाटलं, दाढ दुखत असेल. बिचारी तीही गोंधळलेलीच. नवरा चिडत नाही, भांडत नाही, भाजीत मीठ कमी पडलं तरी बोलत नाही, म्हणजे आजार मोठा असणार एवढंच तिला कळत होतं.

मोबाईलवाल्याशी बोलणं झालं. महिना संपला की जागा त्याची. आणि त्याच्या आदल्याच आठवड्यात कॅप बसवायची तारीख आली. मास्तर म्हणाले, "कशाला आता?" पण बायकोने ऐकलं नाही, पुन्हा हाताला धरून वर नेलं.

डॉक्टरणीने दाढेवर कॅप ठेवली, निळा कागद दातांत धरायला दिला, "चावून बघा, काका." कॅप जरा उंच लागत होती, म्हणून मदतनीस ती घासायला आत घेऊन गेली. तेवढ्यात मास्तरांची नजर डॉक्टरणीच्या कोटावर गेली. मधलं बटण एका धाग्यावर लोंबत होतं.

"हा कोट मी शिवलाय," मास्तर म्हणाले. "लोक काय म्हणतील? इकडे ये."

"असू दे काका, नंतर..."

पण मास्तरांनी कॉलरमागची सुई काढलीसुद्धा. तिच्यात पांढरा धागा होता. सकाळी बायकोनेच ओवून दिला होता, तेव्हा तिला नवल वाटलं होतं. डॉक्टरीण हसत त्यांच्यासमोर उभी राहिली. चार टाके, भोवती तीन वेढे, गाठ. हात कसा लोण्यासारखा चालला होता. मग मास्तर पुढे वाकले, धागा तोंडात धरला आणि मान हिसडली. धागा तुटला नाही. परत हिसडली. बटण ओढलं गेलं, कोट ओढला गेला, डॉक्टरीण एक पाऊल पुढे आली.

"काका, काय करताय?"

"काही नाही, धागा तोडतोय..."

आणि मास्तर तसेच थांबले. तोंडात धागा, डोळे वर डॉक्टरणीकडे. "मी दातांनी तोडतो?"

"बघा!" बायको खुर्चीतून उसळली. "चाळीस वर्षं घसा कोरडा करतेय मी! तर म्हणे, कोण तोडतंय?"

डॉक्टरणीचा चेहरा मात्र उतरला. "पण काका, त्या दातावर तर मी... ती खाच आपण भरली ना. मी विचारलं होतं तुम्हाला, तुम्ही हो म्हणालात." मग तिने काकूंकडे पाहिलं. काकू छताकडे बघायला लागल्या. छतावर एक पंखा होता, बाकी बघण्यासारखं काही नव्हतं.

मास्तरांनी आरसा मागितला. मिशी वर केली. दात सरळ, गुळगुळीत, नवा कोरा. त्यांनी त्यावर जीभ फिरवली, बोट फिरवलं, पुन्हा आरशात पाहिलं. हा होय तो पाहुणा!

"म्हणजे माझं डोकं गेलेलं नाही?" त्यांनी विचारलं.

"डोकं?" बायको म्हणाली. "डोक्याचं काय मध्येच?"

मग मास्तरांनी सगळं सांगितलं. रीळ, सुई, चष्मेवाला, साहेबाचा कोट, रात्रभर मापं आठवणं. बायको ऐकता ऐकता रडायला लागली. "अहो, तुम्ही छान दिसावं म्हणून सांगितलं हो मी. मला काय माहीत तुमचं दुकानच त्या खाचेवर उभं आहे."

"आपलेच दात आणि आपलेच ओठ," मास्तर म्हणाले, "सांगणार कुणाला? आणि मीही शहाणा, सुतावरून स्वर्गाला पोचलो. दुकान देऊन टाकायला निघालो."

डॉक्टरीण शांतपणे म्हणाली, "भरलेलं काढता येईल, काका. तुमचा दात जसा होता तसा राहील. पण धागा ओढत राहिलात तर झिजतच जाणार, एक दिवस टवका उडेल. तुम्ही लहान कात्री घ्या ना त्यापेक्षा."

"घेईन. सवय करेन. पण आज काढ. मला आज बघायचंय."

मग जे झालं ते त्या दवाखान्यात पूर्वी झालं नसेल. डॉक्टरीण ड्रिल अलगद टेकवायची, थांबायची, आणि मास्तर खिशातला धागा दातात धरून बघायचे. "अजून सूतभर... डावीकडे थोडं... हं, इथे अडकतोय." जन्मभर दुसऱ्यांना ट्रायलला बोलावणारा माणूस स्वतः ट्रायल देत होता. तिसऱ्या वेळी मान हिसडली आणि आवाज आला. टच्! मास्तरांनी सुई उजेडाला धरली. टोक भोकात सरळ गेलं.

तिघंही हसले. आतून कॅप घेऊन आलेली मदतनीस, काय झालं ते न कळताच, तीही हसली. बायको म्हणाली, "मी आत्ता पोराला फोन करते, म्हणावं मोबाईलवाल्याला नाही म्हणून सांग."

मास्तर हसत होते ते एकदम थांबले. सुई हातात तशीच. "पोरी," ते म्हणाले, "ज्याच्या तोंडात एकही दात नाही, त्याला धागा तोडता येईल?"

"नाही हो काका. कशाने तोडणार?"

"तुझ्या वडिलांनी आमच्या बाबांचे दात काढले होते. त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात बाबांचा हात गेला." त्यांनी सुईकडे पाहिलं. "हात गेला होता की नुसते दात गेले होते?"

डॉक्टरणीने हातातलं ड्रिल खाली ठेवलं. "तेव्हा मी लहान होते, काका. आता कसं सांगणार कुणी? दोन्हीही असू शकेल."

"हो. दोन्हीही असू शकेल," मास्तर म्हणाले, आणि कॅप बसवून घ्यायला त्यांनी तोंड उघडलं.

खाली आल्यावर त्यांनी दुकान उघडलं. साहेबाचा कोट मांडीवर घेतला, अस्तराची तुरपाई उसवली आणि पुन्हा घालायला सुरुवात केली. टाके सरळ पडत होते. बायको मुलाशी फोनवर बोलून आली आणि दाराजवळच्या स्टुलावर बसली. गिऱ्हाइकं बसायची ते स्टूल. म्हातारा बसायचा तेच.

"झालं ना आता मनासारखं?" तिने विचारलं.

"माझं झालं गं." मास्तरांनी टाका ओढला. "बाबांना एक लहानशी कात्री हवी होती फक्त. दोरीला बांधून गळ्यात अडकवली असती तर अजून दहा वर्षं शिवलं असतं त्यांनी."

"अहो, तेव्हा कुणाला कळणार होतं?"

"मला," मास्तर म्हणाले. "मी समोरच बसलेलो होतो."